थीम राहू द्या, आधी व्हीलचेअरवर बसून हॉल बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे नाशिकजवळच्या एका ज्येष्ठांच्या निवासात तुम्ही मे महिन्यापासून ॲक्टिव्हिटीचं काम बघताय, ४८ जण राहतात, त्यातले ९ जण खालच्या मजल्यावर असिस्टेड विंगमध्ये, म्हणजे रोजच्या कामांना मदत लागणाऱ्यांच्या भागात आहेत आणि त्यातल्या काहींना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. मागच्या दिवाळीला डेकोरेशन बाहेरच्या माणसाला दिलं होतं, फोटो भारी आले, पण आजी-आजोबा अर्ध्या तासात आपापल्या खोलीत गेले. आणि यंदा ३० हजार हातात ठेवून मॅनेजमेंट म्हणाली की तुम्हीच छानशी थीम काढा. तर थीम कुठली, असं विचारलंय तुम्ही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे माणसांना आपली रोजची कामं करता यावीत म्हणून मदत करते, पुण्याच्या आसपासच्या अशाच निवासांमध्ये सोळा वर्षं काम करतेय, म्हणजे सोळा दिवाळ्या झाल्या आणि त्यातल्या पहिल्या तीन-चार मी स्वतः वाईट केल्यात. त्यामुळे थीमचं नंतर बघू. तुमचा खरा प्रश्न मला वेगळाच वाटतो, तो असा की एवढं सजवूनही ती माणसं तिथे थांबली का नाहीत. माझं उत्तर सरळ आहे, ते डेकोरेशन बघायला येणाऱ्यांसाठी होतं, राहणाऱ्यांसाठी नव्हतं. मुलगा-सून येतात, गेटपासून हॉलपर्यंत बघतात, फोटो काढतात, खूश होतात. पण ते एक दिवस येतात आणि ही माणसं तिथे रोज सकाळी चालतात, जेवतात, टीव्ही बघतात.

आता बरंचसं अवलंबून आहे हे कबूल. तुमच्याकडे प्रत्येकाला स्वतंत्र फ्लॅट आहे की खोल्या, किती जण काठी-वॉकरवर आहेत, रात्रपाळीला स्टाफ किती असतो, कॉरिडॉर किती रुंद आहे, हे मला माहीत नाही. सत्तरीतले धडधाकट लोक जास्त असतील तर मी खाली जे सांगतेय त्यातलं निम्मं त्यांना लागूच नाही, ते तुम्हालाच कामाला लावतील. पण ते ९ जण आहेत ना, त्यांच्यामुळे नियम बदलतात.

पहिलं काम फुकटचं आहे. एक रिकामी व्हीलचेअर घ्या, संध्याकाळी सहाला हॉलमध्ये त्यात बसा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण चार फुटांवर असते. त्यात ज्यांच्या पाठीला पोक आलंय त्यांना छत दिसतच नाही, मान वर केली तर कित्येकांना गरगरतं. आणि डेकोरेटर सगळा माल कुठे लावतो तर छताला! झालरी छताला, कंदील छताला, फुलांचे झुपके दहा फुटांवर. म्हणजे तीस हजारातले पंचवीस हजार ज्यांच्यासाठी खर्च केले त्यांच्या नजरेच्या बाहेरच टांगलेले. मी आता सगळी सजावट अडीच ते पाच फुटांच्या पट्ट्यात करते, खिडकीचे कठडे, टेबलं, भिंतीचा मधला भाग, खोल्यांची दारं. कंदीलही असा टांगायचा की खुर्चीत बसून दिसेल, मग तो कोपऱ्यात किंवा खिडकीशी लावा, जिथे कुणाच्या डोक्याला लागणार नाही.

उजेडाचं जरा सविस्तर सांगते कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेडच पोचतो, बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. त्यामुळे निळा, जांभळा, फिकट हिरवा हे रंग मळकट आणि एकसारखे दिसायला लागतात, आणि झेंडूचा पिवळा-केशरी, कुंकवासारखा लाल हे उठून दिसतात. (आपल्या आज्या काही उगाच झेंडू आणि लाल-पिवळं करत नव्हत्या, असं मला कधीकधी वाटतं.) मागच्या वर्षी तुमच्याकडे लव्हेंडर आणि सिल्व्हर होतं म्हणताय, ते निम्म्या लोकांना करड्या रंगाचं दिसलं असणार. दुसरी गोष्ट म्हणजे मोतीबिंदू असलेल्या डोळ्याला उघडा दिवा टोचतो, म्हणून नजरेच्या उंचीवर उघड्या एलईडी माळा नकोत, त्या कागदाच्या किंवा कापडाच्या आड पाहिजेत. लुकलुकणाऱ्या तर अजिबातच नकोत, स्थिर आणि पिवळसर उजेडाच्या घ्या. आणि कृपा करून ट्यूबलाइट बंद करून फक्त पणत्यांचा उजेड वगैरे करू नका, फोटोत सुंदर दिसतं पण अंधाराला डोळे सरावायला या वयात फार वेळ लागतो आणि त्या वेळात माणूस पडतो. डिमेन्शिया असलेल्यांपैकी बऱ्याच जणांची घालमेल तसंही संध्याकाळीच सुरू होते. म्हणून आमच्याकडे लक्ष्मीपूजनाचा कार्यक्रम चारला सुरू होऊन साडेपाचला संपतो, दिवेलागणीच्या आत. लोक म्हणतात दिवाळी दुपारी कशी करायची, मी म्हणते तुमच्या घरी रात्री करा की.

आता जमीन. माझ्या दुसऱ्याच वर्षी मी लिफ्टसमोर सहा फुटी रांगोळी काढून घेतली होती, गडद निळी-काळी पार्श्वभूमी आणि त्यावर पांढरा मोर, दोन मुली रात्री अकरापर्यंत बसल्या होत्या. सकाळी लिफ्टमधून एक आजी बाहेर आल्या, थबकल्या, आणि म्हणाल्या, "इथं विहीर कुणी खणली?" त्या पुढे येईनात, मागेही जाईनात, दार बंद व्हायला लागलं तशा घाबरल्या, शेवटी दोघींनी धरून बाजूने आणलं. तेव्हा मला कळलं की डिमेन्शियात फरशीवरचा गडद भाग खड्ड्यासारखा दिसू शकतो, म्हणून दारातलं काळं पायपुसणंही काही जण ओलांडत नाहीत. चकाकती फरशी ओली वाटते. आणि ज्यांची नजर, डोकं सगळं ठीक आहे ते रांगोळीवर पाय पडू नये म्हणून वाकडं पाऊल टाकतात आणि वॉकरसकट कलंडतात. पुन्हा रांगोळीची भुकटी गुळगुळीत टाइल्सवर सांडली की नुसता बर्फ होतो. त्यामुळे चालायच्या वाटेत रांगोळी नाही म्हणजे नाही, गेटबाहेर अंगणात काय काढायची ती काढा.

पण रांगोळीच बंद केली तर दिवाळी कसली. आम्ही ती टेबलावर आणली. चार बाय अडीच फुटांचे प्लायचे तुकडे घेतले, गेरूने रंगवले आणि जेवणाच्या टेबलांवर ठेवले, एवढंच. गेरूवर पांढरी रांगोळी छान उठते, वाकायला लागत नाही, व्हीलचेअर टेबलाखाली जाते. टेबलाखाली गुडघ्यांसाठी २७ इंच तरी मोकळी जागा आहे ना ते मोजून घ्या. हात थरथरत असेल त्यांना झेंडूच्या पाकळ्या द्या, रेघ लागत नाही. आणि आज्यांना विचारा, ठिपक्यांचा कागद आठवतो का? जाड कागदाला उदबत्तीने भोकं पाडायची, वरून रांगोळी पसरली की खाली ठिपके तयार. मी हे एकदा नुसतं विचारलं तर एका आजींनी ट्रंकेतून रांगोळीची वही काढली, शाईने काढलेल्या, सात ते सात, पंधरा ते आठ अशा ठिपक्यांच्या रांगोळ्यांची. ज्यांना सकाळी काय खाल्लं आठवत नाही त्यांचा हात ठिपके जोडताना चुकत नव्हता. तीन दिवस टेबल हललं नाही, पाणी-चहासुद्धा तिथेच.

मी ज्याला डेकोरेशन म्हणते ते हे. तयार वस्तू दिसतेच, पण ती होत असतानाचे आठ-दहा दिवस हीच खरी दिवाळी असते, आणि तुमच्या डेकोरेटरने नेमकी तीच रात्रीत उरकून टाकली. सकाळी उठून बघतात तर परक्या माणसांनी आपलं घर बदललंय!

कंदील घरीच करा. कामट्या आधी स्टाफने बांधून सांगाडे तयार ठेवायचे, कारण संधिवाताच्या बोटांना सुतळी आवळणं आणि कात्री जमत नाही, उगाच हातात देऊन त्यांना लाजवू नका. चिकटवायचं काम मात्र जमतं. ब्रश जाड दांड्याचा घ्या, नाहीतर दांड्याला फडकं गुंडाळा. डिंकाऐवजी मैद्याची खळ करा, ती कुणी चाटली तरी फरक पडत नाही. पतंगाचा कागद लाल, पिवळा, केशरी. करंज्या (कंदिलाच्या, खायच्या नव्हे) दुमडायला डोकं शाबूत असलेले लोक लावा आणि शेपट्या कापून ठेवायला खोलीतून बाहेर न येणारे, त्यांना तिथेच काम नेऊन द्यायचं. एका आजोबांनी चार वर्षं कुठल्याही ॲक्टिव्हिटीला हजेरी लावली नाही, पण दरवर्षी साठ शेपट्या मोजून कापून दाराबाहेर ठेवतात, मला तेवढं पुरतं.

आता जे तुम्हाला मॅनेजमेंट सांगणार नाही आणि डेकोरेटरला माहीत नसतं ते सांगते, जरा कंटाळवाणं आहे पण वाचा. असिस्टेड विंगमध्ये खाण्यासारखी दिसणारी कुठलीच सजावट नको. कापराच्या वड्या खडीसाखरेसारख्या दिसतात आणि कापूर पोटात गेला तर फिट येऊ शकते, म्हणून कापूर कुलपात. रांगोळीची वाटी मिठासारखी दिसते, थर्माकोलच्या गोळ्या साबुदाण्यासारख्या, प्लॅस्टिकची सफरचंदं तर विचारूच नका. एलईडी पणत्यांमध्ये बटणासारखा चपटा सेल असतो, तो गिळला तर अन्ननलिका जळते, म्हणून खालचं झाकण स्क्रूने बंद होणाऱ्याच पणत्या घ्या, दोन-चार रुपये जास्त पडतात. खऱ्या ज्योतीबद्दल माझं मत असं की एक समई किंवा निरांजन खरंच पाहिजे, तेलवातीचा वास आणि ती हलणारी ज्योत यांना तोड नाही, पण ते देवघरापाशी, समोर माणूस बसलेला असताना, आणि नंतर विझवायचं. बाकी सगळ्या एलईडी. ज्यांना ऑक्सिजन लावलेला आहे त्यांच्यापासून ज्योत दहा फूट लांब ठेवायची, आणि त्यांच्या खोलीत उदबत्तीसुद्धा नाही. नायलॉनच्या साडीचा पदर हा दुसरा मोठा धोका, जमिनीवर पणत्यांची रांग मांडली की पदर लोंबतोच.

कॉरिडॉरच्या कठड्याला माळा गुंडाळू नका, तो धरून चालायला आहे, आणि मी बघितलंय की माळ असली की माणसं कठडा सोडून मधून चालतात. एक्स्टेंशनच्या वायरी वाटेत नकोत, चिकटपट्टी लावूनसुद्धा नकोत. स्मोक डिटेक्टर झाकायचा नाही, आपत्कालीन दारावर पडदा नाही. आणि एक स्टूल दिसलं की कुणीतरी काका "मी लावतो की" म्हणून चढतातच, हे गृहीत धरा, त्या आठवड्यात स्टुलं आणि शिड्या कुलपात.

दारांबद्दल. आमच्याकडे डिमेन्शियाच्या लोकांच्या दारावर त्यांचा जुना फोटो आणि एखादी ओळखीची वस्तू असते, त्यावरून खोली सापडते. एका दिवाळीत उत्साही स्वयंसेवकांनी सगळ्या दारांवर एकसारखी तोरणं आणि मोठमोठे स्टिकर लावले, फोटो झाकले गेले, आणि दोन दिवस लोक दुसऱ्याच्या पलंगावर सापडत होते. हसू येतं आता, पण त्या दोन आजोबांना तेव्हा हसू येत नव्हतं. प्रत्येक दार वेगळं असू द्या. त्यांच्याच घरचं काहीतरी शोधा, क्रोशाचं तोरण, मण्यांचं तोरण, पितळेची छोटी घंटा. मुलांना फोन करून सांगा की मिठाईचा बॉक्स नको, माळ्यावरचं आईचं तोरण आणा.

आणि दार सजवायच्या आधी विचारा, हे फार महत्त्वाचं. ४८ जणांत एक-दोघांकडे तरी त्या वर्षात कुणी गेलेलं असतं, जोडीदार, भाऊ, कधी मुलगासुद्धा. वर्षभर सण न करणारी घरं आहेत आपल्याकडे, त्यांच्या दारात विचारल्याशिवाय कंदील लावला तर ते बोलत नाहीत, पण संध्याकाळी जेवायला येत नाहीत. काहींना उलट हवा असतो, "ह्यांना कंदील आवडायचा, लावा." आपण ठरवायचं नाही, विचारायचं. पाडव्याच्या ओवाळणीचंही तसंच, निम्म्या बायकांचे नवरे नाहीत, मग स्टेजवर जोडप्यांची ओवाळणी वगैरे कार्यक्रम मी ठेवत नाही, ज्यांना करायचंय ते खोलीत करतात. सगळेच लक्ष्मीपूजन करणारे असतात असंही नाही. आमच्याकडे वसईच्या एक बाई आहेत, त्या कंदील करताना सगळ्यांच्या पुढे, मग डिसेंबरात आम्ही सगळे मिळून त्यांच्या नाताळच्या चांदण्या करतो, कामट्या त्याच, खळ तीच.

पुरुष मंडळी हा प्रश्न सगळीकडे असतो. कागद चिकटवायला बोलावलं की "ते बायकांचं काम" म्हणून पेपर वाचत बसतात. त्यांना तपासणीचं काम द्या, माळांचे दिवे लागतात का, सेल किती चालले, वहीत नोंद. आणि किल्ला! माझ्या मते निवासातल्या दिवाळीची खरी थीम हीच, तुम्हाला थीमच हवी असेल तर. महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांनी लहानपणी दगड-माती-पोत्याचा किल्ला केलेला असतो आणि मुलं परदेशी असल्याने चाळीस वर्षांत हात लावलेला नसतो. जमिनीवर नाही, मजबूत टेबलावर करायचा, खाली प्लॅस्टिक, वर विटांचे तुकडे आणि पोतं, मग माती. आम्ही राजगड करतो कारण तो टेबलासाठीच बांधल्यासारखा आहे, मध्ये बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, म्हणजे तीन बाजूंना तीन टोळकी बसतात आणि एकमेकांच्या चुका काढतात. पहिल्या वर्षी सातारच्या एका काकांनी प्रतापगडच पाहिजे म्हणून दोन दिवस अबोला धरला होता. आमचे एक निवृत्त इंजिनिअर संजीवनीची दुहेरी तटबंदी नीट झाली नाही म्हणून ती पाडून परत बांधायला लावतात, स्टाफ वैतागतो, मी खूश. बाकी कुठल्या डेकोरेशनवर कुणी भांडलेलं मी बघितलं नाही.

असिस्टेड विंगमध्ये मात्र हात आखडता घ्या. तिथे एकच कोपरा सजवा, बाकी सगळं रोजच्यासारखं. बाकडं, टीव्ही, घड्याळ यांच्या जागा हलवू नका. तिथे डोळ्यांपेक्षा नाकाला जास्त द्या, उटण्याची वाटी (हुंगायला द्यायची, हातात सोडायची नाही), झेंडूचं फूल चुरगाळायला, आंघोळीला मोती साबण. बोलणं बंद झालेल्या एक आजी मोती साबण नाकाशी धरून "थंडी आहे" म्हणाल्या होत्या, अख्ख्या आठवड्यात तेवढंच. अभ्यंगाचं तेल पायाच्या तळव्यांना मात्र लावू देऊ नका, बाथरूममध्ये पाय सटकेल.

पैशांचं म्हणाल तर ३० हजार भरपूर आहेत. मी जवळपास निम्मे चांगल्या पिवळसर दिव्यांवर घालवीन, ते पुढची तीन-चार वर्षं चालतील, मग प्लाय, कामट्या, कागद, माती, आणि उरलेले सगळे ताज्या फुलांवर, तेही एकदम नाही, एक दिवसाआड थोडी थोडी, कारण देठं काढत माळा ओवत बसणं हेच मुळात लोकांना हवं असतं. सुई मोठ्या नाकाची आणि बोथट घ्या, दोरा ओवून द्या. मॅनेजमेंटला फोटोसाठी काहीतरी लागतंच, ते खोटं नाही, त्यांनाही पुढची ॲडमिशन आणायची असते. मग गेटपासून रिसेप्शनपर्यंत त्यांना हवं ते करू द्या, हवा तर महाल करा म्हणावं, पण रिसेप्शनच्या आत तुमचं राज्य. हा सौदा मी चार निवासांत केलाय, टिकतो. शाळा-कॉलेजांचे ग्रुप दिवाळीत पणत्या वाटायला येतात ना, त्यांना पण सांगा की पणत्या नकोत, एक तास बसून करंज्या चिकटवा. जे बसतात त्यांना पुढच्या वर्षी बोलवायचं.

उतरवायचं कसं हेही आधी ठरवा. भाऊबीजेला पोरं येऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल रिकामा, असं आम्ही एकदा केलं, त्या आठवड्यात तिघांनी जेवण सोडलं. आता कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत राहतात, बाकीचं रोज थोडं थोडं उतरतं आणि तेही त्यांच्याच हातून, कागद सरळ करून, दिवे मोजून, खोक्यावर नाव लिहून. किल्ला तर त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत असतो, मावळे फक्त कपाटात जातात.

तुमच्याकडे अजून तीन आठवडे आहेत म्हणजे वेळ पुरेसा आहे. आज-उद्या व्हीलचेअरमध्ये बसून बघा, मग दारोदारी जाऊन विचारा, मगच खरेदी. त्या ९ जणांपैकी चालतंफिरतं कोण आणि ऑक्सिजनवर कोण ते कळवलंत तर त्या विंगचं अजून नेमकं सांगता येईल. आणि किल्ल्यासाठी अळीव नाहीतर मोहरी वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा, अळीव रात्रभर भिजवून मातीवर नुसता पसरला तरी येतो, पाणी हाताने शिंपडायचं, तांब्याने ओतलं की कुजतो, आणि ते शिंपडायचं काम रोज सकाळी एकाच माणसाकडे द्या, नाहीतर जो तो येता-जाता पाणी घालतो.